मोहाची धार आणि बर्फाची चाळणी

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील सूरजागडचे नाव अलीकडे लोहखनिजामुळे घेतले जाते. त्या डोंगररांगेभोवतीच्या माडिया गोंडांच्या पाड्यांना मात्र त्या डोंगराची ओळख ठाकूरदेवाचा डोंगर म्हणून आहे. जानेवारीत तिथे यात्रा भरते, तेव्हा पहाटेची थंडी शेकोटीशिवाय सोसत नाही. तरीही या मुलखातले पाणी आपसूक कधी गोठत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले टपटपू लागतात आणि मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा प्रदेशात दारू मिळवायची तर एकच वाट होती, आणि ती म्हणजे विस्तव. ज्या देशांत हिवाळ्यात नद्या थिजतात, तिथल्या शेतकऱ्यांना दुसरी वाट सापडली. त्यांनी दारू आगीवर न ठेवता बर्फात ठेवली.

या दोन वाटा एकमेकींच्या उलट दिशेने जातात, पण दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: पाणी आणि मद्यार्क यांना एकमेकांपासून वेगळे कसे करायचे? फ्रीझरमध्ये विसरलेली बिअरची बाटली का फुटते, शेजारची रमची बाटली तशीच का राहते, आणि 'गोठत नाही ती अस्सल' हा समज घातक का आहे, या साऱ्याची उत्तरे त्याच प्रश्नात दडलेली आहेत.

दोन द्रव, दोन स्वभाव

शुद्ध पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठते. शुद्ध मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, गोठण्यासाठी उणे ११४ अंशांपर्यंत उतरावे लागते. पारा उणे ३९ अंशांच्या आसपास घट्ट होतो. त्यामुळेच अतिथंड प्रदेशांतील तापमापकांत पाऱ्याऐवजी रंगवलेला मद्यार्क भरतात. पिण्याची कोणतीही दारू ही या दोन द्रवांचे मिश्रण असते, त्यात थोडे सुगंधी व इतर पदार्थ मिसळलेले असतात. साहजिकच तिचा गोठणबिंदू या दोन टोकांच्या मध्ये कुठे तरी पडतो.

पाणी गोठते तेव्हा त्याचे रेणू ठरावीक रचनेत एकमेकांना धरून बसतात. मध्ये मद्यार्काचे रेणू असले की ही रांग लावताना अडथळा येतो आणि बर्फ धरण्यासाठी थंडी वाढवावी लागते. मद्यार्क जितका जास्त, तितका गोठणबिंदू खाली. सुमारे पाच टक्क्यांची बिअर उणे दोन अंशांच्या आसपास बर्फ धरू लागते. बारा टक्क्यांच्या वाइनला उणे पाचच्या जवळपास जावे लागते. भारतात रम आणि व्हिस्कीच्या बाटल्यांवर बहुधा ४२.८ टक्के हा आकडा छापलेला असतो. जुन्या मोजमापात त्यालाच ७५ डिग्री प्रूफ म्हणत. अशी दारू उणे पंचविसाच्या खाली गेल्याशिवाय बर्फाचे नाव घेत नाही. घरातला फ्रीझर साधारण उणे १८ अंशांवर चालतो. म्हणून त्यात बिअर दगडासारखी होते, वाइनचा गारेगार चिखल होतो आणि रम केवळ दाट व थंड होते.

मीठ घातलेले पाणी उशिरा गोठते, हे कुल्फीवाल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याच्या लाकडी पिंपातला बर्फ आणि मीठ यांचा जो संबंध आहे, त्याच जातीचा संबंध बाटलीतल्या पाण्याचा आणि मद्यार्काचा असतो.

फुटणारी बाटली

पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. भरलेल्या, बंद काचेच्या बाटलीत ही वाढ मावत नाही. बिअरमध्ये आणखी एक अडचण असते. तिच्यात दाबाखाली कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. बर्फाच्या स्फटिकांत या वायूला थारा मिळत नाही, त्यामुळे तो उरलेल्या द्रवात आणि झाकणाखालच्या पोकळीत कोंडला जातो. बर्फाचा रेटा आणि वायूचा दाब यांच्या कचाट्यात काच तडकते. फ्रीझरमध्ये तडकलेली बाटली हात लावताक्षणीच फुटू शकते. म्हणून ती ओढून काढण्यापेक्षा फ्रीझर बंद करून, सारे वितळू देऊन, मगच काचा उचलणे शहाणपणाचे ठरते.

कधी कधी याच्या उलट प्रकार घडतो. बाटली फ्रीझरमधून काढताना आतली बिअर पूर्ण पातळ दिसते, पण झाकण उघडताच डोळ्यांदेखत तिच्यात बर्फाची जाळी पसरत जाते. ही जादू नव्हे. गोठणबिंदूखाली जाऊनही, स्फटिक सुरू व्हायला निमित्त न मिळाल्यामुळे, द्रव काही काळ तसाच राहू शकतो. झाकण उघडले की वायू बाहेर पडतो, बुडबुडे उठतात, द्रव ढवळला जातो आणि अडून राहिलेली क्रिया एकदम सुरू होते.

बर्फाची चाळणी

खरी गंमत गोठण्याच्या सुरुवातीला आहे. दारू थंड होत जाते तेव्हा सगळी एकदम घट्ट होत नाही. आधी तिच्यातले काही पाणी बर्फ होऊन बाजूला पडते. हा बर्फ जवळजवळ शुद्ध पाण्याचा असतो. मागे राहिलेल्या द्रवात मद्यार्काचे प्रमाण वाढते, त्याचा गोठणबिंदू आणखी खाली जातो आणि पुढचा बर्फ धरायला आणखी थंडी लागते. समजा, दहा लिटर आंबवलेल्या रसात सहा टक्के, म्हणजे ६०० मिलिलिटर मद्यार्क आहे. त्यातून सात लिटर पाणी बर्फाच्या रूपाने काढून टाकले, तर उरलेल्या तीन लिटरांत तोच ६०० मिलिलिटर मद्यार्क राहील आणि प्रमाण वीस टक्क्यांवर जाईल. प्रत्यक्षात थोडा मद्यार्क बर्फाच्या फटींत अडकून वाया जातो, पण हिशेबाची दिशा हीच.

उत्तर अमेरिकेत वसाहतकाळापासून सफरचंदाच्या आंबलेल्या रसाची पिंपे हिवाळ्यात उघड्यावर ठेवून, वर येणारा बर्फ रोज काढून टाकण्याची रीत होती. त्यातून उरणाऱ्या कडक पेयाला 'ॲपलजॅक' म्हणतात. जर्मनीत कुल्मबाखच्या परिसरात याच तत्त्वावर 'आइसबॉक' ही दाट बिअर तयार होते. स्कॉटलंडच्या ब्रूडॉग कंपनीने २००९ साली वारंवार गोठवून ३२ टक्क्यांची बिअर बाजारात आणली, आणि पुढच्याच वर्षी ५५ टक्क्यांची.

मात्र या चाळणीला मर्यादा आहे. उणे १८ अंशांच्या घरगुती फ्रीझरमध्ये उरलेल्या द्रवातला मद्यार्क सुमारे एक तृतीयांशावर पोहोचला की बर्फ धरणे थांबते. त्यापुढे जायचे तर अधिक थंडी हवी. ५५ टक्क्यांच्या बिअरमागे त्यामुळेच कारखान्यातली शीतयंत्रे होती.

विस्तवाची वाट

सूरजागडच्या पट्ट्यात निसर्गाने ही चाळणी दिलेली नाही. इथे आहे ते मोहाचे झाड. त्याच्या मांसल फुलांत साखर भरपूर असते. वाळवलेल्या फुलांचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. ती फुले अन्न म्हणूनही खाल्ली जातात, टंचाईच्या दिवसांत त्यांनी अनेकांची भूक भागवली आहे. तीच फुले पाण्यात आंबवली की त्यांचा सडवा होतो. पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्यांत 'इतका लिटर मोहसडवा नष्ट' असे वाचायला मिळते, तो हाच. सडव्यातला मद्यार्क विरळ असतो. भट्टीवर तो तापला की मद्यार्काची वाफ पाण्याच्या वाफेआधी आणि तुलनेने जास्त प्रमाणात निघते, कारण मद्यार्क ७८ अंशांना उकळतो आणि पाणी १०० अंशांना. ही वाफ थंड पाण्याच्या भांड्याला टेकून पुन्हा द्रव होते. सुरुवातीला येणारी धार सर्वांत कडक असते, पुढे ती पातळ होत जाते. मराठीत 'पहिल्या धारेची' हा शब्दप्रयोग रुळला तो या भट्टीवरूनच.

आदिवासी समाजात जन्म, लग्न, मृत्यू आणि देवपूजा अशा प्रसंगी मोहाच्या दारूला मान आहे. राज्यकर्त्यांची नजर मात्र या फुलावर नेहमीच संशयाची राहिली. मुंबई सरकारने १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील मोहफुलांवर निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदाच केला होता. गडचिरोलीत लोकांच्या दीर्घ चळवळीनंतर १९९३ साली दारूबंदी लागू झाली आणि ती आजही कायम आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचा त्या चळवळीत मोठा वाटा होता, आणि पुढे 'मुक्तिपथ' या उपक्रमातून गावोगावच्या स्त्रियांनी ती बंदी प्रत्यक्षात आणण्याचे काम अंगावर घेतले. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठली. फुलाला अन्न मानायचे, पूजेचा भाग मानायचे की गुन्ह्याचा कच्चा माल, हा वाद अजून मिटलेला नाही.

गोठत नाही ती अस्सल?

भेसळीचा प्रश्न मात्र बंदी असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही ठिकाणी सारखाच जीवघेणा आहे. दारूची पारख करण्याच्या घरगुती रीती अनेक आहेत. कोणी काडी लावून निळी ज्योत पाहतो, कोणी बाटली हलवून फेस पाहतो. फ्रीज घरोघरी पोचल्यावर त्यात आणखी एकीची भर पडली: रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, गोठली नाही तर माल चोख. ही परीक्षा फक्त एवढेच सांगते की द्रवात पाण्याखेरीज गोठणबिंदू खाली आणणारे काही तरी पुरेशा प्रमाणात आहे. ते काय आहे, हे ती सांगत नाही.

कारण मिथेनॉल हा विषारी मद्यार्कही गोठत नाही. त्याचा गोठणबिंदू उणे ९८ अंशांच्या जवळपास आहे, आणि वजनाला वजन धरले तर तो पाण्याचा गोठणबिंदू इथेनॉलपेक्षाही अधिक खाली ओढतो. तो पेटतो तेव्हा ज्योत फिकट निळीच असते. म्हणजे विषारी दारू फ्रीझरची आणि काडीची अशा दोन्ही परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण होते. शरीरात गेल्यावर मिथेनॉलपासून फॉर्मिक आम्ल तयार होते. ते आधी दृष्टीच्या मज्जातंतूवर घाला घालते, मग जिवावर. २००४ साली विक्रोळीत ऐंशीहून अधिक, तर जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे अशाच दारूने गेली. बळी पडलेल्यांत बहुतेक हातावर पोट असलेले होते.

गोठवून कडक केलेल्या दारूतही हा धोका उरतो. भट्टीवर वाफेतले घटक निदान काही अंशी मागेपुढे निघतात, जरी हातभट्टीत ती विभागणी काटेकोर होत नाही आणि तिच्यावर विसंबता येत नाही. बर्फाची चाळणी तर फक्त पाणी अडवते. दारूत जे काही वाईट असेल, ते सगळे मागे राहते आणि पाण्याबरोबर विरळ होते ते आता दाट होते. दहा लिटरांत जितका विषारी अंश होता, तितकाच तीन लिटरांत येतो. त्यामुळे अनेक देशांचे कायदे या पद्धतीलाही परवान्याच्या चौकटीत बसवतात.

दारूत मिथेनॉल आहे की नाही, हे प्रयोगशाळेतच कळते. तिथे नमुन्यातले घटक वेगळे करून त्यांचे प्रमाण मोजतात. घरी कळते ते फार उशिरा: पिऊन काही तासांनी धूसर दिसू लागणे, पोटात कळा, उलट्या, धाप. अशा वेळी घरगुती उतारे शोधण्यात वेळ न दवडता रुग्णाला थेट रुग्णालयात नेणे, आणि काय प्यायले ते न लपवता डॉक्टरांना सांगणे, एवढेच हाती असते. वेळेत उपचार मिळाले तर या विषावर उतारा आहे. पोलिसांच्या भीतीने गेलेला वेळ मात्र भरून येत नाही.

थंडीतला घोट

थंडी आणि दारू यांच्याविषयीचा आणखी एक समज जुना आहे: दारूने ऊब येते. मद्यार्काने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून अंग गरम झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात शरीराच्या गाभ्यातली उष्णता त्वचेकडे येऊन बाहेर निसटते, आणि थंडीची जाणीवही बोथट होते. शेकोटी विझल्यावर उघड्यावर झोपलेल्या माणसाला ही फसवी ऊब महागात पडते, मग तो हिमालयात असो की सूरजागडच्या पायथ्याशी.

पाण्याने शून्य अंशांना बर्फ होऊन आपली मर्यादा सांगून टाकावी, आणि मद्यार्काने उणे शंभरापर्यंत काहीच कळू देऊ नये, असा या दोन द्रवांचा स्वभाव आहे. बाटलीतले द्रव गोठले नाही, एवढ्यावरून त्यावर विश्वास टाकू नये, हे समजायला मोठे रसायनशास्त्र लागत नाही. विक्रोळीने आणि मालवणीने ते फार मोठी किंमत देऊन शिकवले आहे.