पहिल्या दिवशी ती रडली नाही

आपल्या मंडळातली दोन जोडपी सध्या भारतातून मूल दत्तक घेण्याच्या खटपटीत आहेत. गणपतीच्या जेवणावळीत त्यांनी मला गाठलं. "तुम्ही यातून गेला आहात, तर काहीतरी लिहा." कागदपत्रांबद्दल मी पानंच्या पानं लिहू शकेन, पण ते काम एजन्सी करतेच. होम स्टडी, आय-८००ए, मग भारताच्या 'कारा' या संस्थेमार्फत मुलाची माहिती, आय-८००, ना-हरकत पत्र आणि सप्टेंबर २०२२ पासून कोर्टाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. वाट लांबची, पण आखलेली आहे.

मी लिहितोय ते मूल पहिल्यांदा समोर येतं त्या दिवसाबद्दल. हेग कराराच्या नियमांनुसार इथल्या पालकांना आधी किमान दहा तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. आम्ही घेतलं होतं, मी टिपणंही काढली होती. (पीएच.डी.ची सवय, दुसरं काय!) पण ऐकणं वेगळं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही पुण्याच्या संस्थेत पोचलो. मुलगी दोन वर्षं तीन महिन्यांची. तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही; ही गोष्ट कुणाला सांगायची ते मोठेपणी तिचं ती ठरवील. तिचा फोटो दहा महिने आमच्या फ्रिजवर होता. तिचं वजन, हिमोग्लोबिन, दात किती, सगळं मला पाठ. तिला आमच्याबद्दल काय ठाऊक? आम्ही पाठवलेला फोटोंचा आल्बम तिला दाखवत असत, पण त्यातल्या शेजाऱ्यांच्या कुत्र्याखेरीज कशातच तिला रस नव्हता म्हणे.

तिला सांभाळणाऱ्या मावशी तिला कडेवर घेऊन आल्या. "ही बघ आई, हे बाबा." ती बायकोच्या मांडीवर बसली, अंग ताठ करून. माझ्या मिशांकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. तिथे सगळ्या बायकाच काम करतात. पुरुष म्हणजे डॉक्टर, आणि ते तर सुई टोचणारे!

पण ती रडली नाही. निघताना नाही, रिक्षात नाही, घरी आल्यावरही नाही. बसवलं तिथे बसली, भरवलं तेवढं खाल्लं. आई म्हणाली, "किती गुणी पोर! रमली की लगेच." मीही फुशारून न्यू जर्सीच्या मित्रांना तसंच कळवून टाकलं.

दुसऱ्या रात्री दीड वाजता ती उठली आणि "मावशी, मावशी" करत तीन तास रडली. अंगाला हात लावू देईना. बायको जमिनीवर तिच्याजवळ बसून राहिली. मी गॅलरीत उभा. आपण एका सुखी मुलीला उचलून आणलं, असं मनात येत होतं. हे मी तेव्हा कुणाला बोललो नाही.

जेम्स रॉबर्टसन या इंग्लंडमधल्या संशोधकानं १९५२ मध्ये एक फिल्म दाखवली होती. दोन वर्षांची एक मुलगी किरकोळ शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस आईविना हॉस्पिटलात राहते. ती फारशी रडत नाही, नर्सांना ती शहाणी वाटते. पण फिल्ममध्ये दिसतं की ते शहाणपण नव्हतं, दाबून धरलेलं दुःख होतं. जॉन बोल्बी यांच्याबरोबर त्यांनी मांडलं की मूल आधी आक्रोश करतं, मग खचतं आणि शेवटी अलिप्त होतं. बाहेरच्याला हा शेवट 'रमलं' असा दिसतो. आमचा विषय कंट्रोल सिस्टिम्स. धक्का दिल्यावर प्रतिसाद उशिरा आला म्हणजे धक्का बसलाच नाही, असं मी माझ्या विद्यार्थ्याला म्हणू दिलं नसतं. घरी मात्र मी स्वतः तेच म्हणालो.

म्हणजे मावशींसाठी रडणं हे चांगलं लक्षण होतं. जिला एका माणसाचा लळा लागला होता तिला दुसऱ्याचा लागू शकतो. पहिल्याच दिवशी कुणाच्याही गळ्यात पडणारं मूल पाहून पाहुणे खूश होतात, पण काळजी तिथे जास्त करावी.

आता माझी चूक. मावशींनी तिच्याबरोबर जुन्या साडीची एक गोधडी दिली होती. कळकट दिसत होती. मी पहिल्याच संध्याकाळी ती मशीनमध्ये घालून, भरपूर साबण टाकून धुतली. तिच्या ओळखीचा एकच वास उरला होता, तो मी घालवला. तुम्ही धुऊ नका. महिनाभर तरी नको.

तिसऱ्या दिवशी आम्ही संस्थेत फोन केला. मावशी आपल्या सुट्टीच्या दिवशी घरी आल्या, तिला मांडीवर घेऊन खिचडी भरवली. तेव्हा कळलं की झोपायला ती 'नीनी' म्हणते, आमचं 'गाई गाई' तिला समजतच नव्हतं. मी औषधांबद्दल सतरा प्रश्न लिहून नेले होते, हा एक सोडून. तरी आपलं नशीब मोठं. परदेशी जाणाऱ्या बहुतेक मुलांची भाषा एका दिवसात सुटते. हिला मराठी तरी होती.

जाताना मावशी चोरून गेल्या नाहीत. "मी जाते. तू आता आई-बाबांकडे राहायचं," असं तिच्या तोंडावर सांगून गेल्या. ती दारात आकांतानं रडली, पण या वेळी बायकोच्या खांद्यावर.

पुढचं लवकर सांगतो. पासपोर्ट, काराचं प्रमाणपत्र, आयएच-३ व्हिसा. या व्हिसावर इथे उतरलं की २००० च्या कायद्यानं मूल आपोआप नागरिक होतं, त्याची धास्ती नको.

आणि मंडळींना एक विनंती. ही जोडपी मूल घेऊन येतील तेव्हा भेटायला जरूर जा, डबा न्या, पण मुलाला लगेच उचलून घेऊ नका, भरवू नका. सुरुवातीचे काही महिने भरवणं आणि निजवणं आई-बापांनाच करू द्या. आजी-आजोबांना हे सांगणं अवघड जातं. आमच्याकडेही रुसवे झाले.

माझ्याकडे ती पाचव्या आठवड्यात आपण होऊन आली. चपलेचा पट्टा लावून घ्यायला.