मूर्ती लहान, कीर्ती महान

धुळ्यात ‘पाचकंदीलजवळ’ म्हटले, की पुढे पत्ता सांगावा लागत नाही. जळगावात तेच काम ‘टॉवर चौक’ करतो. रस्त्यांची अधिकृत नावे लोक विसरतात. डोळ्यांत भरलेली वस्तू मात्र पिढ्यान्‌पिढ्या पत्ता होऊन राहते. मुंबईत राजा सातवा एडवर्ड याचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये हलवला गेला आणि पुढे राणीच्या बागेत विसावला. राजा गेला, घोडाही गेला. ‘काळा घोडा’ हे नाव मात्र अर्धशतक टिकले. अखेर २०१७ मध्ये तेथे स्वार नसलेला नवा घोडा उभा राहिला.

शिल्पकलेत आपला खानदेश मागे नाही. सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्याचे शिल्पकार राम सुतार हे धुळे जिल्ह्यातील गोंदूरचे. परंतु एवढे भव्य काम शासनाच्याच आवाक्यातले. एखाद्या पेढीला किंवा कुटुंबाला पेलेल असे शिल्प कोणते, याचे उत्तर पोलंडमधील व्रोत्स्वाफ शहरात मिळते.

तेथे १९८० च्या दशकात कम्युनिस्ट राजवटीविरुद्धच्या घोषणा भिंतींवर लिहिल्या जात आणि सरकार त्यांवर रंग फासत असे. त्या डागांवर तरुणांनी हसरे बुटके रंगवले. त्या आंदोलनाची आठवण म्हणून २००१ मध्ये एक बुटका शिल्परूपात उभा राहिला. २००५ मध्ये शिल्पकार तोमाश मोचेक यांनी आणखी पाच बुटके घडवले. आज त्यांची संख्या कित्येक शेकड्यांवर गेली आहे. वीतभर, फार तर हातभर उंचीच्या या कांस्यमूर्ती दुकानांच्या पायऱ्यांवर, खिडक्यांत, दिव्यांच्या खांबांवर बसलेल्या आहेत. अंध, कर्णबधिर आणि चाकाच्या खुर्चीतील असे तीन बुटकेही त्यांत आहेत. अनेक मूर्तींचा खर्च दुकानांनी, हॉटेलांनी आणि संस्थांनी केला. हाती नकाशा घेऊन मुले त्यांचा शोध घेत हिंडतात आणि त्यांच्यामागून आईवडीलही गल्लीबोळ पालथे घालतात.

यातील व्यवहार व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. बाजारपेठ जगते ती पायी येणाऱ्या गिऱ्हाइकावर, आणि घरबसल्या खरेदीच्या या काळात तेच कमी होत आहे. दुकानाची पाटी काही वर्षांत फिकी पडते. कांस्य मात्र हातांच्या स्पर्शाने अधिकच उजळते.

आपल्याकडे आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ पुण्यात सिंबायोसिसच्या आवारात आणि मुंबईत वरळीच्या समुद्रकिनारी उभा आहे. तो उंचीने लहान नाही. पण त्याला कोणी हार घालत नाही, त्याच्या शेजारी उभे राहून लोक छायाचित्र काढतात. शिल्पाशी असे मैत्रीचे नाते जडू शकते.

लहान धातुमूर्तीचे मोल जैन समाजाला नव्याने सांगायला नको. बडोद्याजवळ आकोटा येथे १९५१ मध्ये सापडलेल्या जैन कांस्यप्रतिमा जगभरच्या अभ्यासकांनी गौरविल्या आहेत. मात्र येथे एक मर्यादा कटाक्षाने पाळावी: रस्त्यावर, पायाच्या उंचीवर तीर्थंकर, साधुसंत किंवा कोणतेही पूज्य रूप कदापि नसावे. पूजेची प्रतिमा देरासरात. रस्त्यावर केवळ प्रसन्न विनोद. ओतकामातील मेणाबद्दल कोणाच्या मनात शंका येईल, तर आज मधमाश्यांच्या मेणाऐवजी खनिज मेणही वापरता येते.

विषयांना आपल्याकडे तोटा नाही. जळगावच्या सराफ बाजारात तराजूच्या पारड्यात बसलेली चिमणी. दाणा बाजारात चोपडीवर डुलकी घेणारा मुनीम. केळीचा घड खांद्यावर पेलताना वाकलेला खारूताईएवढा हमाल. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांच्या स्मरणार्थ मुलांच्या हाताला लागेल असा सुगरणीचा खोपा. धुळ्यात पाचकंदीलच्या कोपऱ्यावर शिडी चढून दिवे लावणारा इवलासा माणूस.

सावधगिरीही हवी. महापालिकेची लेखी परवानगी घ्यावी. मूर्ती पादचाऱ्यांच्या वाटेत येऊ नये, तिच्या कडा बोथट असाव्यात. धातूला मोडीचा भाव असतो, म्हणून ती दगडात खोलवर पक्की बसवावी. देखभालीची जबाबदारी दुकानदाराने प्रथमच लिहून द्यावी. उद्‌घाटनानंतर पोरके झालेले शिल्प शहराची शोभा घालवते.

आपल्या समाजाने पाणपोया, धर्मशाळा, पांजरापोळ उभारले आणि बाकांवर नावेही कोरली. यापुढे एखाद्या कुटुंबाने वडिलांच्या स्मृतीस असे एक शिल्प वाहावे आणि त्यावर नाव न घालण्याचे औदार्य दाखवावे. पन्नास वर्षांनी कोणी पत्ता सांगताना ‘डुलक्या मुनीमजवळ’ असे सहज म्हणून गेले, तर तो दानाचा सर्वांत सुंदर हिशेब ठरेल.