सातवाहनांचा ऱ्हास आणि आभीर: रोमन-जर्मानिक प्रकरणाशी एक तुलना

प्राचीन साम्राज्ये ‘रानटी टोळ्यांच्या’ आक्रमणाने कोसळली, हे सूत्र आपल्या पाठ्यपुस्तकांतून इतके रूढ झाले आहे की, त्यातील ‘रानटी’ या शब्दाकडे आपण क्वचितच थांबून पाहतो. ग्रीक ‘बार्बारोस’ आणि संस्कृत ‘बर्बर’ हे दोन्ही शब्द मुळात अडखळत, न समजेलसे बोलणाऱ्यास लावलेले आहेत. ‘म्लेच्छ्’ या धातूचा अर्थही अस्पष्ट उच्चार करणे असाच आहे. म्हणजे परक्याची पहिली ओळख त्याच्या बोलीवरून झाली, आणि पुढे तीच त्याच्या संस्कृतीची मोजपट्टी ठरली. अशा शब्दांवर इतिहासाची कारणमीमांसा उभी करणे कितपत सुरक्षित आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

रोमचे उदाहरण सुपरिचित आहे. हूणांच्या दडपणामुळे गॉथ लोकांनी इ. स. ३७६ मध्ये डॅन्यूब नदी ओलांडली. ३७८ मध्ये एड्रियानोपलच्या रणांगणावर सम्राट व्हॅलेन्स मारला गेला. ४१० मध्ये अलारिकने रोम लुटले, आणि ४७६ मध्ये ओडोएसरने रोम्युलस ऑगस्ट्युलस यास पदच्युत केले. एवढी सनावळी वाचली की परचक्राचे चित्र पुरे होते. परंतु अलारिक हा रोमच्या बाजूने लढलेला सेनानी होता, ओडोएसरही इटलीतील रोमन सैन्यातच वाढला होता, आणि ४०८ मध्ये देहदंड होईपर्यंत पश्चिम साम्राज्याची धुरा वाहणारा स्टिलिको व्हॅन्डल पित्याचा पुत्र होता. सीमेवरच्या लोकांना सैन्यात घेणे व करारान्वये वसविणे हे साम्राज्याचेच धोरण होते. केंद्र दुर्बळ झाले तेव्हा सेवकांच्या हाती सत्ता गेली. यावरून जर्मानिक आक्रमणे सौम्य होती असे मात्र नव्हे. पाचव्या शतकानंतर पश्चिम युरोपातील नगरे आणि व्यापार किती खालावले, याची साक्ष उत्खननांनी विपुल दिली आहे.

आता महाराष्ट्राकडे वळू. सातवाहनांचे राज्य तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात लयास गेले, आणि नाशिकच्या परिसरात त्यांच्या जागी आभीर राजे दिसू लागले. पुराणांच्या वंशावळींत आंध्रांनंतर दहा आभीर राजांची गणना आहे. पतंजलीच्या महाभाष्यात आभीरांचा उल्लेख असल्याने ते कालपरवा आलेले लोक नव्हते, हे उघड आहे. सौराष्ट्रातील गुंडा येथील शिलालेख या दृष्टीने विशेष बोलका आहे. क्षत्रप रुद्रसिंहाच्या काळातील, वर्ष १०३ म्हणजे इ. स. १८१ च्या या लेखात आभीर सेनापती रुद्रभूतीने जलाशय खणविल्याची नोंद आहे, आणि त्याचा पिता बापक हाही सेनापतीच होता. पिढीजात सेनापतिपद ही राजपदाची अगोदरची पायरी होय. येथे रोमशी साम्य आहे, परंतु भेदही तितकाच महत्त्वाचा आहे. हे आभीर सेनापती सातवाहनांच्या पदरी नसून त्यांच्या प्रतिस्पर्धी क्षत्रपांच्या पदरी होते. शिवाय एड्रियानोपलसारख्या एखाद्या निर्णायक रणसंग्रामाची स्मृती आभीरांच्या बाबतीत कोठेही नाही.

मग सातवाहनांची सत्ता ढासळली कशाने? तिचे अंतरंग पाहिले पाहिजे. महारठी, महाभोज, महासेनापती या पदव्या धारण करणारी घराणी सातवाहन राज्यात सर्वत्र होती. कृष्णाकाठच्या पलूस भागाचेच उदाहरण घेऊ. त्याच्या वायव्येस कऱ्हाड व नैर्ऋत्येस कोल्हापूर ही दोन्ही सातवाहनकालीन व्यापारी ठाणी. कोल्हापुरात विळिवायकुर, सिवलकुर अशा नावांची नाणी सापडली आहेत. दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमीने हिप्पोकूरा येथील ज्या ‘बॅलिओकूरोस’चा निर्देश केला, तो विळिवायकुरच होय, असे अनेक संशोधक मानतात. म्हणजे साम्राज्य बलवान असतानाही स्वतःच्या नावाची नाणी पाडणारे स्थानिक सत्ताधीश या खोऱ्यात नांदत होते. अखेरच्या काळातील म्याकदोनी येथील पुळुमावीच्या आठव्या वर्षाचा लेख आणखी पुढची अवस्था दाखवितो. त्यात ‘सातवाहनिहार’ या प्रांतातील जनपद महासेनापती स्कंदनागाचे म्हणून वर्णिले आहे. वर्षगणना राजाची, भूमी सेनापतीची! अशा राज्याचे तुकडे होण्यास परक्याची गरज नसते. इक्ष्वाकू, चुटु, वाकाटक आणि आभीर ही घराणी त्या तुकड्यांवर उभी राहिली. त्यांतील एकट्या आभीरांस नाशकर्ते म्हणण्याचे कारण नाही.

सत्तांतरानंतर काय टिकले, याचे उत्तर नाशिकच्या दहाव्या लेण्यात मिळते. माढरीपुत्र ईश्वरसेन या आभीर राजाच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने भिक्षुसंघातील रुग्णांच्या औषधांसाठी अक्षयनीवी ठेवली. ती शक अग्निवर्म्याची कन्या होती. तिची रक्कम गोवर्धन येथील कुंभार, तेली इत्यादींच्या श्रेणींकडे व्याजी लावली गेली. याच गोवर्धनात शतकाहून अधिक काळापूर्वी नहपानाचा जावई उषवदात याने कोष्ट्यांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेवले होते. त्यांतील दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व एक हजारावर पाऊण टक्का व्याज ठरले होते. क्षहरात गेले, सातवाहन गेले, आभीर आले; परंतु श्रेणींची पत अभंग राहिली. राजा आभीर, दात्री शककुलातील, दान बौद्ध संघास, आणि राजाचे बिरुद सातवाहनांप्रमाणे मातृनामावरून! थिओडोरिक या ऑस्ट्रोगॉथ राजाने ‘फ्लेव्हियस’ हे रोमन नाम मिरविले, त्याचीच ही भारतीय प्रतिकृती म्हणता येईल. इ. स. २४८–४९ पासून सुरू होणारा, पुढे कलचुरि-चेदी म्हणून प्रसिद्ध झालेला संवत् याच ईश्वरसेनाने प्रवर्तित केला, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले आहे.

भाषेचा पुरावाही याच दिशेने जातो. जर्मानिक फ्रँकांनी गॉल जिंकले, पण आपली भाषा तेथे रुजविली नाही. त्यांनी लॅटिनोद्भव बोली स्वीकारली आणि ‘गेर’ म्हणजे युद्ध, यांसारखे काही शब्द तीत मागे ठेवले. सातवाहनांचे लेख प्राकृतात आहेत, तर ईश्वरसेनाचा लेख प्राकृतमिश्रित संस्कृतात आहे. ज्यांना परके म्हणावयाचे त्यांच्याच अमदानीत राजशासनाची भाषा संस्कृताकडे अधिक झुकली, हे लक्षणीय आहे. ‘आभीर’ शब्दाचा प्रवासही नियमबद्ध आहे. ‘गभीर’पासून ‘गहिरा’ झाला त्याच न्यायाने स्वरमध्यवर्ती ‘भ’चा ‘ह’ होऊन ‘अहीर’ झाले, आणि त्यापासून खानदेशातील ‘अहिराणी’ हे नाव सिद्ध झाले. दंडीने काव्यातील आभीरादिकांच्या वाणीस अपभ्रंश म्हटले आहे. परंतु यावरून अहिराणी ही तिसऱ्या शतकातील आभीरांची जशीच्या तशी उतरलेली भाषा होय, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. फ्रेंच भाषेचे नाव फ्रँकांचे आहे, देह मात्र लॅटिनचा आहे. अहिराणीचाही देह सर्वस्वी आर्यभारतीय आहे. लोकनाम, भाषानाम आणि वंश ही तीन सूत्रे स्वतंत्रपणे तपासली पाहिजेत.

या तुलनेतून आपल्या अभ्यासकांनी घ्यावयाचा बोध व्यावहारिक आहे. ‘परकीयांनी साम्राज्य बुडविले’ असे विधान समोर आले की तीन प्रश्न विचारावेत: हे परकीय आधी कोणाच्या पदरी होते? राज्यातील भूमी व सैन्य प्रत्यक्षात कोणाच्या हाती होते? आणि सत्तांतरानंतर बाजारातील व्यवहार कोणत्या नियमांनी चालले? रोमच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ ठिकाणी दुःखद आहे. नाशिकच्या बाबतीत ते तेल्या-कुंभारांच्या श्रेणींनी दिले आहे, आणि ते राजवंशांच्या याद्यांहून अधिक विश्वसनीय आहे.