काळ्या ठिपक्यातले रंग

टीपकागदाच्या पट्टीवर, टोकापासून बोटभर वर, काळ्या स्केचपेनचा ठिपका द्या. पट्टीचं टोक पाण्यात बुडवा. ठिपका पाण्याबाहेरच राहू द्या. पाणी वर चढतं आणि काळ्यातून निळा, जांभळा, पिवळा असे रंग सुटे होऊ लागतात. पाण्यात सहज विरघळणारा रंग पुढे जातो, कागदाला चिकटणारा मागे रेंगाळतो. हीच क्रोमॅटोग्राफी!

रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी खडूची भुकटी भरलेल्या काचनळीतून पानांचा अर्क सोडला, तेव्हा हिरवे-पिवळे पट्टे वेगळे झाले. १९०६ मध्ये त्यांनी या पद्धतीला नाव दिलं.

परिस्थिती तीच ठेवली, तर प्रत्येक पदार्थ ठरावीक अंतरच कापतो. म्हणून शेजारी माहितीतला नमुना ठेवून तुलना केली, की अनोळखी पदार्थाची ओळख पटू लागते.