क्षोभी आंत्र लक्षणसमूह

क्षोभी आंत्र लक्षणसमूह : पोटदुखी आणि शौचाच्या सवयीतील बदल ही लक्षणे दीर्घकाल किंवा पुनःपुन्हा उद्‌भवतात, परंतु आतड्यांच्या रचनेत दृश्य विकृती सापडत नाही, अशा विकारास ही संज्ञा देतात. व्यवहारात तो ‘आयबीएस’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुराष्ट्रीय पाहणीत त्याचे प्रमाण प्रौढांत सु. ४ टक्के आढळले. स्त्रियांत ते काहीसे अधिक असते. या विकाराने आयुर्मान घटत नाही व त्याचे रूपांतर कर्करोगात होत नाही. मात्र बसचा लांबचा प्रवास, लग्नसमारंभ, परीक्षा, शौचालयाची सोय नसलेले शेतावरील काम अशा साध्या गोष्टी रुग्णाला दुष्कर होतात. ‘तपासण्यांत काही निघाले नाही’ याचा अर्थ ‘दुखणे खोटे आहे’ असा घरच्यांनी घेतला, म्हणजे त्रासात भर पडते.

इंग्लंड-अमेरिकेतील जुन्या ग्रंथांत याचे वर्णन ‘श्लेष्मल बृहदांत्रशोथ’ असे आढळते. विल्यम ऑस्लर यांनी १८९२ मध्ये हे नाव वापरले. ते दिशाभूल करणारे होते, कारण येथे शोथ (दाहयुक्त सूज) दिसत नाही. १९७८ मध्ये मॅनिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्षणांवरून निदान करण्याचे निकष मांडले. २०१६ च्या ‘रोम’ निकषांनुसार मागील तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोटदुखी असावी. तिचा संबंध मलविसर्जनाशी, शौचाच्या वारंवारतेतील बदलाशी व मलाच्या स्वरूपातील बदलाशी यांपैकी किमान दोहोंशी असावा आणि प्रारंभ सहा महिन्यांपूर्वी झालेला असावा. अतिसारप्रधान, मलावरोधप्रधान व मिश्र असे याचे मुख्य प्रकार आहेत. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील ग्रहणी विकाराच्या वर्णनाशी याचे काही साम्य दिसते. तथापि दोन्ही एकच मानणे योग्य नाही, कारण ग्रहणीच्या व्याप्तीत अन्य विकारही येतात.

कारणमीमांसा : आतड्यांच्या भित्तीत तंत्रिका कोशिकांचे विस्तृत जाळे असते आणि मेंदूशी त्याचा दोन्ही दिशांनी संदेशव्यवहार चालतो. या विकारात आतड्यांचे क्रमसंकोच अनियमित होतातच, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेदनेची पातळी खालावते. रिची यांनी १९७३ मध्ये बृहदांत्रात रबरी फुगा फुगवून केलेल्या प्रयोगांत, निरोगी व्यक्तीला न जाणवणारा ताण अशा रुग्णांना वेदनादायक ठरतो असे दिसले. दुखणे मनाचे नव्हे, संवेदनेचे आहे. तीव्र आंत्रसंसर्गानंतर काही रुग्णांत, विशेषतः त्या काळी मानसिक ताण असल्यास, हा विकार मागे राहतो. आतड्यांतील सूक्ष्मजीवांच्या समतोलात पडणारा फरकही कारणीभूत असावा.

निदान : आपल्याकडे या रुग्णांना वर्षानुवर्षे ‘जुना आमांश’ समजून मेट्रोनिडाझोलाच्या फेऱ्यांमागून फेऱ्या देण्याची प्रथा खोलवर रुजलेली आहे. आमांशाचा अमीबा आणि निरुपद्रवी ‘एंटामीबा डिस्पार’ हे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात. त्यांचे वेगळेपण १९९३ मध्ये औपचारिकपणे मान्य झाले. त्यामुळे मलतपासणीत ‘अमीबा आढळला’ एवढ्या शेऱ्यावर उपचार चालू ठेवणे अशास्त्रीय होय. याउलट मलातून रक्त जाणे, वजन घटणे, ताप, रक्तक्षय, झोपेतून उठवणारा अतिसार, पन्नाशीनंतर प्रथमच झालेला प्रारंभ किंवा कुटुंबात बृहदांत्राच्या कर्करोगाचा इतिहास असल्यास, क्षोभी आंत्र समजून स्वस्थ बसू नये. भारतात आंत्रक्षयाची शक्यता सदैव लक्षात ठेवावी लागते. गव्हातील ग्लुटेन न सोसणारा सीलिअ‍ॅक विकारही रक्ततपासणीने वगळावा.

आहार : ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठात विकसित झालेल्या आहारपद्धतीत, लघुआंत्रात नीट न शोषल्या जाणाऱ्या व बृहदांत्रात आंबून वायू करणाऱ्या शर्करा चार ते सहा आठवडे कमी करतात आणि मग एकेक पदार्थ पुन्हा घेऊन सोसवतो की नाही ते पाहतात. ही दुसरी पायरी बहुतेक जण गाळतात आणि कायमचे अर्धपोटी राहतात. ते चुकीचे होय. ही पद्धत परक्या खाद्यपदार्थांची यादी समोर ठेवून पाळता येत नाही, घरच्या ताटावरच बसवावी लागते.

उदा., जळगावच्या मेहरूण भागातील किंवा एकूण खानदेशातील घरचा आहार घेऊ. ज्वारीची भाकरी बहुधा सोसते. उडीद मिसळलेली कळण्याची भाकरी, वरण-बट्टी आणि कांदा-लसणाच्या काळ्या मसाल्यातील शेवभाजी त्रास देण्याची शक्यता अधिक. गव्हातील व कांदा-लसणातील फ्रुक्टान ही येथे मुख्य अडचण असते. ही शर्करा तेलात विरघळत नाही. म्हणून फोडणीत सबंध लसूण परतून काढून टाकल्यास वास राहतो आणि त्रास बराच टळतो. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग सोसतो, पांढरा गड्डा सोसत नाही. त्यामुळे पात घालून केलेले वांग्याचे भरीत पूर्णपणे वर्ज्य करावे लागत नाही. मिरची मात्र हात राखून घालावी, कारण तिच्यातील कॅप्सेसिनाने संवेदनशील आतड्यांची वेदना वाढू शकते. केळ्यांच्या या जिल्ह्यात एक गोष्ट सांगण्याजोगी आहे : किंचित कच्चट, घट्ट केळे सोसते, तर काळे ठिपके पडलेले अतिपक्व केळे फ्रुक्टान वाढल्याने पोट फुगवू शकते. डाळी व कडधान्ये भिजवून ते पाणी टाकून द्यावे. दूध न सोसणाऱ्यांना दही बहुधा सोसते. एकदम पोटभर जेवण्याऐवजी थोडे थोडे व ठरलेल्या वेळी खावे.

‘चोथा वाढवा’ हा सल्ला सरसकट देणे इष्ट नाही. नेदर्लंड्समधील २००९ च्या चाचणीत इसबगोलाने उपयोग झाला, गव्हाच्या कोंड्याने नाही. कोंडा घेणाऱ्या कित्येकांचा त्रास वाढून त्यांनी चाचणी सोडली. इसबगोल लहान मात्रेत सुरू करून भरपूर पाण्याबरोबर घ्यावे.

इतर उपचार : पेटक्यांवर मेबेव्हेरीन, डायसायक्लोमीन यांसारखी आकर्षरोधी औषधे व पेपरमिंट तेलाची आतड्यांत विरघळणारी कॅप्सूल देतात, अतिसारावर लोपेरामाइड वापरतात. वेदना हटत नसल्यास अ‍ॅमिट्रिप्टिलीन अल्पमात्रेत देतात. ब्रिटनमधील ४६३ रुग्णांवरील २०२३ च्या चाचणीत १० ते ३० मिग्रॅ. मात्रेने सहा महिन्यांत लाभ दिसला. हे औषध नैराश्यावरचे असले, तरी येथे ते तंत्रिकांची संवेदना मंदावण्यासाठी असते, हे रुग्णास आधीच न सांगितल्यास तो चिठ्ठी वाचून ते बंद करतो. मँचेस्टर येथे व्हॉरवेल यांनी १९८४ मध्ये संमोहनोपचाराचा गुण नियंत्रित चाचणीत दाखविला. बोधनात्मक वर्तनोपचारही उपयुक्त ठरतो, पण जिल्ह्याच्या गावी असे उपचारक विरळा. नियमित व्यायाम मात्र सर्वांना साध्य आहे. मेहरूण तलावाच्या काठी रोज सकाळी चालणाऱ्यांना तो विनामूल्य मिळतो, आणि चालण्याने आतड्यांतील वायू पुढे सरकण्यास मदत होते.