मोअर-कंडिशनर : खरेदीपूर्वी शेतातील कामगिरी कशी तपासावी?

लसूणघास आणि ओट ही चारा पिके योग्य वेळी कापून वाळवली, तर उन्हाळ्यातील टंचाईच्या काळात जनावरांना प्रथिनयुक्त चारा मिळतो. मात्र घास वाळवताना दोन अडचणी येतात. पाने लवकर वाळतात, काडी ओलीच राहते. काडी वाळेपर्यंत थांबले, तर कुरकुरीत झालेली पाने शेतातच झडतात. यावर उपाय म्हणून मोअर-कंडिशनर हे यंत्र वापरले जाते. ते एकाच फेरीत चारा कापते आणि काड्या चेपते.

आपल्याकडे ही यंत्रे अजून मोजक्याच ठिकाणी दिसतात आणि त्यांची किंमतही मोठी असते. प्रात्यक्षिकात यंत्र किती झपाट्याने कापते एवढेच डोळ्यांना दिसते. चारा किती तासांत वाळला आणि त्यात पाने किती उरली, हे दोन-तीन दिवसांनी कळते. तोवर प्रात्यक्षिक संपलेले असते. म्हणून यंत्र घेण्यापूर्वी किंवा भाड्याने ठरवण्यापूर्वी स्वतःच्या शेतात पुढीलप्रमाणे चाचणी घ्यावी.

यंत्र नेमके काय करते?

लसूणघास कापणीच्या वेळी ७५ ते ८० टक्के ओलावा असतो. गठ्ठे बांधून साठवण्यासाठी तो १८ टक्क्यांच्या आसपास यावा लागतो. २० टक्क्यांपेक्षा जास्त ओलाव्यावर बांधलेले गठ्ठे तापतात व त्यांना बुरशी लागते.

काडीवर मेणासारखा पातळ थर असतो. तो आतले पाणी बाहेर जाऊ देत नाही. कंडिशनर हा थर फोडतो. त्याचे दोन प्रकार आहेत :

- रोलर प्रकार : दोन रोलरमधून चारा जाताना काड्या चेपल्या व तडकल्या जातात. पानांना तुलनेने कमी इजा होते, म्हणून लसूणघासासाठी हा प्रकार योग्य.
- दाते (फ्लेल) प्रकार : फिरणारे दाते काडीचा पृष्ठभाग खरवडतात. ओट व गवतवर्गीय चाऱ्यासाठी योग्य. लसूणघासाची पाने मात्र यात जास्त झडतात.

चेपणी कमी झाली तर चारा लवकर वाळत नाही. जास्त झाली तर पाने तुटतात. लसूणघासातील निम्म्याहून अधिक प्रथिने पानांत असतात. त्यामुळे वाळण्याचा वेग आणि पानांचे नुकसान या दोन्ही बाबी एकत्र मोजल्याशिवाय यंत्राबद्दल मत बनवू नये.

चाचणीची तयारी

लागणारे साहित्य : मोजपट्टी, घड्याळ, ५ किलोपर्यंतचा वजनकाटा, शेडनेटचे १ मीटर × १ मीटरचे सहा तुकडे, दोरी, डिझेल मोजण्याचे माप, नोंदवही.

- एकाच प्लॉटमध्ये, एकाच दिवशी तुलना करावी. एक पट्टा कंडिशनर चालू ठेवून आणि शेजारचा पट्टा साध्या मोअरने कापावा. साधे मोअर नसल्यास रोलरवरील दाब काढून त्यांमधील फट जास्तीत जास्त उघडावी.
- असे पट्टे आलटून-पालटून किमान तीन वेळा घ्यावेत. एकाच पट्ट्यावरून काढलेला निष्कर्ष जमिनीच्या किंवा पिकाच्या फरकामुळे चुकू शकतो.
- पीक साधारण १० टक्के फुलोऱ्यात असताना, सकाळचे दव उडाल्यावर कापणी सुरू करावी.
- दोन्ही प्रकारांत चारा सारख्याच रुंदीत पसरावा. कंडिशनरच्या मागे अरुंद ओळ आणि साध्या मोअरच्या मागे रुंद पसरलेला चारा, अशी तुलना चुकीची ठरते. चारा कापणीच्या रुंदीच्या किमान ७० टक्के रुंदीत पसरलेला असावा. अरुंद, जाड ओळीत खालचा चारा ओलाच राहतो आणि चेपणीचा फायदा वाया जातो.

१) कामाचा वेग

शेतात २० मीटर अंतरावर दोन काठ्या रोवाव्यात आणि ते अंतर कापायला किती सेकंद लागतात ते मोजावे. १२ सेकंद लागले तर वेग ताशी ६ किलोमीटर येतो.

सैद्धांतिक क्षमता (हेक्टर प्रति तास) = कापणीची रुंदी (मीटर) × वेग (कि.मी. प्रति तास) ÷ १०

समजा, यंत्राची रुंदी २.४ मीटर आहे. ताशी ६ कि.मी. वेगाने क्षमता १.४४ हेक्टर, म्हणजे ताशी सुमारे साडेतीन एकर येते. विक्रेता साधारणपणे हाच आकडा सांगतो.

प्रत्यक्षात वळणे, अडकलेला चारा काढणे, जुळवणी यांत वेळ जातो. म्हणून शेतात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा पूर्ण वेळ धरावा. लांब प्लॉटमध्ये एक एकराला २० मिनिटे लागली, तर प्रत्यक्ष क्षमता ताशी ३ एकर आणि कार्यक्षमता सुमारे ८४ टक्के येते. तेच काम लहान तुकड्यात ३० मिनिटांत झाले, तर क्षमता ताशी २ एकर आणि कार्यक्षमता ५६ टक्के. यंत्र तेच, पण लहान तुकड्यांमुळे एकरी खर्च दीडपट होतो. भाड्याचा दर तासावर ठरत असेल, तर हा फरक थेट शेतकऱ्याच्या खिशातून जातो.

२) कापणीची उंची

कापणीनंतर २० ठिकाणी खुंटांची उंची मोजावी. लसूणघासात ती ७ ते १० से.मी. असावी. सरासरीइतकाच सर्वांत कमी व सर्वांत जास्त उंचीमधील फरकही महत्त्वाचा आहे.

आपल्याकडे लसूणघास बहुधा सारे किंवा वाफे पाडून, मध्ये वरंबे ठेवून घेतली जाते. यंत्र वरंब्यावरून जाताना पाती मातीला लागतात आणि पुढे खड्ड्यात उंच खुंट राहतात. त्यामुळे चाऱ्यात माती येते, पाती लवकर झिजतात आणि फुटवे येणारा बुडखा दुखावतो. पट्टा वरंब्याच्या दिशेने चालवावा. वरंबे आडवे ओलांडावे लागत असतील, तर त्या शेतासाठी हे यंत्र योग्य नाही किंवा पुढील लागवडीच्या वेळी शेताची रचना बदलावी लागेल.

खुंटांची टोके चिरडलेली, तंतू निघालेली दिसली, तर पाती बोथट आहेत असे समजावे.

३) चेपणीचा दर्जा

कापल्यानंतर लगेच पट्ट्यातून वेगवेगळ्या ठिकाणच्या १०० काड्या हातात घ्याव्यात.

- १०० पैकी सुमारे ९० काड्यांवर चेपल्याची किंवा तडकल्याची खूण दिसावी.
- काळवंडलेली, चिरडलेली पाने ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत.

खुणा कमी काड्यांवर असतील, तर रोलरचा दाब वाढवावा किंवा फट कमी करावी. पाने काळवंडत असतील, तर उलट करावे. एका वेळी एकच जुळवणी बदलावी, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळत नाही.

लसूणघासासाठी रोलरमधील फट साधारण २ ते ३ मि.मी. असते. नेमका आकडा यंत्राच्या पुस्तिकेत पाहावा. फट तपासण्यासाठी स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियम फॉइलची घट्ट वळी करावी. ट्रॅक्टर बंद करून, चावी काढून, ती रोलरमध्ये डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे ठेवून रोलर हाताने फिरवावेत. दबलेल्या वळीची जाडी तिन्ही ठिकाणी सारखी असावी. एका बाजूला फरक असेल, तर पट्ट्याची एक बाजू ओली राहते.

४) वाळण्याचा वेग

सुरुवातीचा ओलावा काढण्यासाठी १०० ग्रॅम ताज्या चाऱ्याचे बारीक तुकडे करून मायक्रोवेव्हमध्ये ठेवावेत. सोबत पाण्याचा कप ठेवावा, म्हणजे चारा पेटत नाही. सुरुवातीला दोन-तीन मिनिटे आणि नंतर अर्धा-अर्धा मिनिट तापवून दर वेळी वजन करावे. वजन स्थिर झाले की थांबावे. १०० ग्रॅमचे २२ ग्रॅम राहिले, तर ओलावा ७८ टक्के.

त्यानंतर प्रत्येक पट्ट्यात शेडनेटचा एक तुकडा अंथरावा. त्यावर पट्ट्यात जेवढा चारा पसरला आहे तेवढाच, तेवढ्याच जाडीत ठेवावा आणि त्याचे वजन नोंदवावे. दर दोन तासांनी चाऱ्यासह तुकडा उचलून वजन करावे.

१८ टक्के ओलाव्याचे वजन = सुरुवातीचे वजन × सुरुवातीचा कोरडा भाग (टक्के) ÷ ८२

समजा, तुकड्यावर १५०० ग्रॅम चारा आहे व कोरडा भाग २२ टक्के आहे. १५०० × २२ ÷ ८२ म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम. वजन ४०० ग्रॅमवर आले की चारा गठ्ठे बांधण्यास तयार. पट्टा रेकने पलटताना तुकडे बाजूला घ्यावेत, त्यावरील चारा हाताने पलटावा आणि पुन्हा जागेवर ठेवावा.

नोंदी वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. दोन-तीन तासांच्या बचतीमुळे नेहमीच फायदा होतो असे नाही. चेपलेला चारा दुसऱ्या दिवशी दुपारी ३ वाजता तयार झाला आणि न चेपलेला तिसऱ्या दिवशी दुपारी, तर शेतातील एक पूर्ण रात्र वाचली. एका रात्रीचे दव टळले आणि पुढचे पाणी एक दिवस आधी देता आले. लसूणघासाच्या कापण्या २५ ते ३० दिवसांच्या अंतराने येतात आणि चारा उचलेपर्यंत पाणी देता येत नाही, त्यामुळे या एका दिवसाला मोल आहे. दोन्ही पट्टे एकाच दुपारी तयार झाले, तर त्या हंगामात यंत्राचा फायदा थोडाच आहे.

५) पानांचे नुकसान

चारा उचलल्यावर, कापणीच्या पूर्ण रुंदीइतकी आणि अर्धा मीटर लांब जागा दोरीने आखावी. त्यातील पडलेली पाने व बारीक तुकडे वेचून, माती झटकून, उन्हात कडक वाळवून वजन करावे. प्रत्येक पट्ट्यात पाच ठिकाणी हे करावे. वजनाला आखलेल्या जागेच्या क्षेत्रफळाने भागल्यास प्रति चौरस मीटर नुकसान मिळते. चौरस मीटरला १ ग्रॅम म्हणजे एकरी सुमारे ४ किलो.

समजा, चेपलेल्या पट्ट्यात चौरस मीटरला १५ ग्रॅम जास्त पाने पडली. म्हणजे एकरी ६० किलो. एका कापणीत एकरी ४ टन हिरवा चारा व २२ टक्के कोरडा भाग धरला, तर एकूण कोरडा चारा ८८० किलो होतो. त्यातील सुमारे निम्मा भाग पानांचा, म्हणजे ४४० किलो. एकूण वजनात घट ७ टक्केच दिसते, पण पानांपैकी जवळपास १४ टक्के पाने गेलेली असतात. गठ्ठ्यांचे वजन पाहून हे नुकसान लक्षात येत नाही. ते पुढे गोठ्यात, दुधात आणि वाढलेल्या पेंडीच्या खर्चात दिसते.

सर्वच पानगळीचा दोष कंडिशनरला देऊ नये. वाळलेला चारा भर दुपारी रेकने ओढला तर पाने अधिक झडतात. ओलावा ४० टक्क्यांच्या वर असताना किंवा सकाळी पाने थोडी मऊ असताना पलटावे. कापणीनंतर लगेच एका ठिकाणचा चारा हाताने अलगद उचलून खालची पाने मोजली, तर यंत्राचा वाटा वेगळा कळतो.

६) डिझेल व ट्रॅक्टरची ताकद

काम सुरू करण्यापूर्वी सपाट जागी टाकी काठोकाठ भरावी. एक एकर कापून झाल्यावर त्याच जागी मापाने पुन्हा तेवढीच भरावी. भरलेले डिझेल म्हणजे एकरी खर्च. कंडिशनर चालू व बंद अशा दोन्ही नोंदी घ्याव्यात.

दाट पिकात पीटीओचा वेग ५४० फेऱ्यांवर टिकतो का ते पाहावे. ट्रॅक्टर दबत असेल, तर चालक वेग कमी करतो व चेपणीही बिघडते. यंत्राला लागणारी पीटीओ ताकद आणि यंत्राचे वजन आपल्या ट्रॅक्टरला पेलणारे आहे का, याची पुस्तिकेवरून खात्री करावी. बुदनी किंवा हिसार येथील केंद्रीय कृषी यंत्र चाचणी संस्थांचा अहवाल असल्यास विक्रेत्याकडून मागून घ्यावा.

निर्णय कसा घ्यावा?

- एक रात्र वाचते आणि पानांचे नुकसान साध्या मोअरइतकेच आहे : यंत्र उपयुक्त.
- एक रात्र वाचते, पण पानगळ जास्त : आधी दाब, फट व वेग जुळवून पुन्हा चाचणी घ्यावी. तरीही पानगळ राहिल्यास कंडिशनरचा प्रकार पिकाला योग्य नाही.
- रात्र वाचत नाही : प्रथम चारा रुंद पसरवून पाहावा. अनेकदा एवढ्यानेच साध्या मोअरचे काम सुधारते.
- पावसाची शक्यता असेल, तर चाचणी व कापणी दोन्ही टाळावे. चेपलेल्या काडीतून पोषकद्रव्ये पावसात अधिक धुऊन जातात.
- रोज हिरवा चारा कापून घालणाऱ्या शेतकऱ्याला या यंत्राची गरज नाही. थोडे क्षेत्र असणाऱ्यांनी अवजारे बँक, गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत भाड्याने वापर करावा.

सुरक्षितता

- कापणी चालू असताना यंत्राजवळ कोणालाही उभे राहू देऊ नये. फिरत्या पात्यांमुळे दगड लांबवर उडतात. शेतातील दगड व तारा आधीच वेचाव्यात.
- पीटीओ शाफ्टचे संरक्षक आवरण काढून काम करू नये.
- रोलरमध्ये चारा अडकल्यास ट्रॅक्टर बंद करून, चावी खिशात ठेवून, पाती पूर्ण थांबल्यावरच हात घालावा.

विस्तार कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिक कापणीच्या दिवशीच संपवू नये. चारा उचलण्याच्या दिवशी शेतकऱ्यांना पुन्हा त्याच शेतात बोलावून दोन्ही पट्ट्यांतील वजने, वाळण्याचे तास आणि वेचलेली पाने समोरासमोर दाखवावीत. यंत्र घ्यायचे की नाही, याचे उत्तर त्या दिवशी मिळते.