किंगाइटचा वार्षिक मुद्राचित्रसंच : निर्मिती आणि निवड

एखाद्या वस्तीतील चित्रकारांच्या कृती दरवर्षी रसिकांपुढे मांडण्याची प्रथा वरवर पाहता केवळ कौतुकाची वाटते. वस्तुतः तिच्यामुळे चित्रकाराला उपजीविका मिळते. त्याचबरोबर कोणती कृती त्या समाजाची कला म्हणून मान्य व्हावी, याचाही निर्णय तेथेच होत असतो. कॅनडाच्या उत्तरेकडील किंगाइट या इनुइट वस्तीच्या उदाहरणाने या दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात. बॅफिन बेटालगतचे हे गाव २०२० पर्यंत केप डॉर्सेट या नावाने ओळखले जात असे.

तेथे १९५७ मध्ये मुद्राचित्रांचे प्रयोग सुरू झाले. त्यांचे प्रवर्तक जेम्स ह्यूस्टन यांनी पुढच्याच वर्षी जपानला जाऊन ठसेछपाईचे शिक्षण घेतले, आणि १९५९ चा पहिला वार्षिक संच सिद्ध झाला. चित्रकाराने कागदावर रेखाटन करावयाचे. कारागिराने ते दगडावर उठावात कोरून, शाई लावून, पातळ कागदावर हाताने उमटवावयाचे, अशी ही पद्धती होय. एका चित्राच्या साधारणतः ५० प्रती निघत. या श्रमविभागणीचा परिणाम दूरगामी ठरला. रेखाटनास पेन्सिल व कागद एवढेच पुरत असल्यामुळे ते घरकाम सांभाळून करता येई, आणि गावची सहकारी संस्था ते विकत घेई. त्यामुळे स्त्रियांना स्वतःच्या कमाईचा मार्ग खुला झाला.

पतिनिधनानंतर मुलांचा भार अंगावर पडलेल्या पिट्सिओलॅक अशूना यांनी याच मार्गाने हजारो रेखाटने केली. केनोजुआक अशेवाक (१९२७–२०१३) यांच्या १९६० मधील मंतरलेल्या घुबडाचे चित्र पुढे १९७० मध्ये कॅनडाच्या टपाल तिकिटावर झळकले.

तथापि संचात काय जावे, हे केवळ गावाच्या हाती नव्हते. १९६१ पासून १९८९ पर्यंत दक्षिणेतील तज्ज्ञांचे एक मंडळ मुद्राचित्रांची पारख करीत असे. ग्राहकांची ओढही पक्षी, प्राणी आणि जुने शिकारी जीवन यांकडे विशेष होती. पिट्सिओलॅक यांची नात अ‍ॅनी पूटूगूक (१९६९–२०१६) यांनी १९९७ च्या सुमारास चित्रे काढण्यास आरंभ केला, तेव्हा ही चौकट अपुरी पडली. दूरदर्शनसंच, दुकानातील फळ्या, घरातील मारहाण हे त्यांचे विषय होते. २००६ मधील सोबी पुरस्कार आणि २००७ मधील कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनातील समावेश, हा मान त्यांना मुख्यतः मूळ रेखाटनांनी मिळवून दिला. वार्षिक संचाने नव्हे. त्यांची मामेबहीण शुविनाई अशूना यांचा २०२२ मध्ये व्हेनिस येथील प्रदर्शनात विशेष उल्लेख झाला.

यावरून वार्षिक प्रदर्शनाचे मूल्य उणे ठरत नाही. त्याच्या नियमितपणामुळेच तीन पिढ्यांना कागद, मोबदला व नाव मिळाले. परंतु संच म्हणजेच त्या गावाची कला, असे मानणे चुकीचे होईल. सहकारी संस्थेच्या संग्रहातील असंख्य मूळ रेखाटने ओंटारिओतील मॅकमायकल संग्रहालयात जतन केलेली आहेत. त्यांपैकी बहुतेकांची मुद्राचित्रे कधीच निघाली नाहीत. अशा कलेचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्याने निवडलेल्या चित्रांइतकेच न निवडलेल्या चित्रांकडेही लक्ष देणे अगत्याचे आहे.